मातेओत्ती, सभात्याग आणि आपल्या सभा

३० मे १९२४ रोजी रोममध्ये इटलीच्या प्रतिनिधिगृहापुढे आलेला विषय दिसायला अगदी कारकुनी होता. एप्रिलमध्ये झालेल्या निवडणुकीत सत्ताधारी यादीतून निवडून आलेल्या सदस्यांची निवड वैध ठरवावी, अशी शिफारस छाननी समितीने केली होती आणि ती एकगठ्ठा मंजूर व्हायची होती. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांना बसलेल्या आपल्याकडच्या कोणाही माणसाला हा प्रसंग डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत. विषयपत्रिकेवरील विषय वाचला जातो, व्यासपीठासमोरच्या पहिल्या दोन-तीन ओळींतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो आणि वाचणारा पुढच्या विषयाकडे वळतो. त्या दिवशी मात्र जाकोमो मातेओत्ती नावाचे एक समाजवादी सदस्य उठले आणि ही निवड आम्हांला मान्य नाही, प्रकरणे समितीकडे परत पाठवा, अशी मागणी त्यांनी केली. आरडाओरडा सुरू झाला. अध्यक्ष आल्फ्रेदो रोक्को यांनी जपून बोलण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्यांचे उत्तर होते की मला जपूनही बोलायचे नाही आणि बेफिकिरीनेही बोलायचे नाही, मला संसदेच्या रीतीने बोलायचे आहे. सूचना ५७ विरुद्ध २८५ मतांनी फेटाळली गेली, ४२ सदस्य तटस्थ राहिले. अकरा दिवसांनी, १० जूनला, घरून संसदेकडे निघालेल्या मातेओत्तींना मुसोलिनीच्या माणसांनी भर दुपारी मोटारीत कोंबले आणि ठार मारले.

इटलीत त्यांच्या नावाचे रस्ते आणि चौक गावोगाव आहेत, आणि ते हुतात्मा म्हणूनच बहुतेकांना ठाऊक आहेत. मला ते हुतात्मा म्हणून जितके मोठे वाटतात, त्याहून सभागृहातला एक सदस्य म्हणून अधिक मोलाचे वाटतात, आणि सांगली-सातारा भागातील वाचकांपुढे त्यांचे चरित्र मांडण्याचे कारणही तेच आहे. आपल्याकडे, ग्रामसभेपासून महापालिकेपर्यंत आणि विकास सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत, विरोध करण्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे. विरोधक उठतात, घोषणा देतात, अहवाल फाडतात, सभात्याग करतात आणि मंडपाबाहेर समांतर सभा घेतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन्ही सभांचे फोटो शेजारीशेजारी छापून येतात. आत मात्र सगळे विषय एकमताने मंजूर झालेले असतात. माझे म्हणणे असे आहे की या रीतीने हुकूमशाही वृत्तीच्या सत्तेचे काहीही बिघडत नाही, उलट तिचे काम सोपे होते, आणि हे समजून घेण्यासाठी मातेओत्तींचे आयुष्य व त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेला निर्णय, हे दोन्ही एकत्र पाहायला हवे.

मातेओत्तींचा जन्म २२ मे १८८५ चा, पो नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या पोलेझिने भागातील फ्रात्ता या गावचा. हा सखल, पुराचा प्रदेश. जमीन थोड्यांच्या हातात आणि बाकीचे रोजंदारीवर राबणारे शेतमजूर, अशी तिथली स्थिती होती. मक्याच्या लापशीवर जगणाऱ्या या मजुरांत पेलाग्रा हा कुपोषणाचा रोग घर करून असे. मातेओत्ती स्वतः मात्र जमीनदार घरातले होते. वडिलांनी लोखंड-तांब्याच्या व्यापारातून पैसा केला आणि जमिनी घेतल्या होत्या. ‘फरचा कोट घालणारा समाजवादी’ अशी त्यांची टवाळी विरोधक जन्मभर करत राहिले. बोलोन्या विद्यापीठातून १९०७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्यांविषयी एक अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला. प्राध्यापकी सहज मिळाली असती, पण ते गावाकडे परतले आणि नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत शिरले.

त्यांच्या चरित्रातला हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हिल्लामार्झाना या लहानशा गावाचे ते महापौर होते आणि आसपासच्या अनेक पालिकांचे एकाच वेळी सदस्य होते. कोणत्या गावाने शाळेवर किती खर्च केला, कर कोणावर बसवला, कोणाला सोडला, कंत्राट कोणत्या अटींवर दिले, हे ते आकड्यांनिशी मांडत. भाषण करण्यापूर्वी ताळेबंद वाचणारा पुढारी त्या काळच्या समाजवाद्यांतही विरळाच होता. १९१९ मध्ये संसदेवर निवडून गेल्यावर अर्थसंकल्प आणि सार्वजनिक खर्च हाच त्यांचा प्रांत झाला. त्यांच्याच पक्षातील भाषणबहाद्दरांना हे काम रुक्ष वाटत असावे. पण ज्याला हिशोब वाचता येतो त्याला भुलवणे कठीण जाते आणि म्हणून त्याच्यावरचा रागही वेगळ्या जातीचा असतो.

फॅसिझम पोलेझिनेत आला तो विचार म्हणून आला नाही, रात्री मालमोटारींतून आला. पहिल्या महायुद्धानंतर शेतमजुरांच्या संघटनांनी जमीनदारांकडून मोठ्या सवलती मिळवल्या होत्या. मजूर संघटनेच्या कचेरीमार्फतच घ्यायचे आणि अमुक इतक्या जमिनीमागे अमुक इतके मजूर ठेवायचेच, असे करार झाले होते. १९२० च्या स्थानिक निवडणुकांत त्या जिल्ह्यातील पालिका समाजवाद्यांनी जिंकल्या. जमीनदारांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे काळ्या सदऱ्यांच्या टोळ्यांना पैसा आणि वाहने पुरवणे. संघटनांच्या कचेऱ्या जळाल्या, सहकारी भांडारे लुटली गेली, कार्यकर्त्यांना घरातून ओढून मारहाण झाली. ३१ जानेवारी १९२१ ला मातेओत्तींनी संसदेत सांगितले की ही हिंसा उत्स्फूर्त नाही, तिला पैसा कोण देतो हे उघड आहे आणि पोलीस तिकडे पाहत नाहीत. १२ मार्चला कास्तेलगुल्येल्मो या गावी टोळीने त्यांना पकडले, गाडीत घालून फिरवले, छळले आणि रात्री रस्त्यावर सोडून दिले. तेव्हापासून स्वतःच्या जिल्ह्यात राहणे त्यांना अशक्य झाले. तरीही १९२१ आणि १९२४ अशा दोन्ही वेळा ते निवडून आले. ऑक्टोबर १९२२ मध्ये मूळ पक्षातून हकालपट्टी झालेल्या नेमस्त गटाचे, म्हणजे नव्या एकसंध समाजवादी पक्षाचे, ते सचिव झाले. त्याच महिन्यात मुसोलिनी पंतप्रधान झाला.

पुढचे सगळे कायद्यानेच झाले, ही गोष्ट नजरेतून सुटू नये. १९२३ च्या आचेर्बो कायद्याने ठरवले की ज्या यादीला सर्वाधिक मते मिळतील आणि ती किमान २५ टक्के असतील, तिला दोनतृतीयांश जागा द्याव्यात. फॅसिस्ट बहुमतात नसलेल्या सभागृहाने हा कायदा संमत केला. भीती, आशा आणि ‘एकदा स्थैर्य येऊ द्या’ हा शहाणपणा असे तिन्ही त्यामागे होते. ६ एप्रिल १९२४ च्या निवडणुकीत सरकारी यादीला ५३५ पैकी साडेतीनशेहून अधिक जागा मिळाल्या, मातेओत्तींच्या पक्षाला २४. आंतोनियो पिच्चिनीनी या समाजवादी उमेदवाराचा तर प्रचाराच्या काळातच खून झाला होता.

३० मेच्या भाषणात मातेओत्तींनी या निवडणुकीचा पंचनामा केला. आमच्या शंभर उमेदवारांपैकी साठेकांना आपल्या मतदारसंघात मोकळेपणी फिरता आले नाही, असे त्यांनी सांगितले. बहुतेक मतदान केंद्रांवर सगळे अधिकारी एकाच पक्षाचे होते. गुप्त मतदान कसे फोडले गेले, याचा त्यांनी सांगितलेला तपशील आजही वाचण्यासारखा आहे. मतपत्रिकेवर यादीतील उमेदवारांना पसंतीची तीन मते देता येत. टोळीवाल्यांनी प्रत्येक मतदाराला तीन नावांची वेगवेगळी जुळणी आणि वेगवेगळा क्रम ठरवून दिला. मोजणीच्या वेळी ती जुळणी सापडली नाही की कोणी हुकूम मोडला ते कळत असे. मतपेटी शाबूत होती, कायदा शाबूत होता, आणि मतदार मात्र उघडा पडला होता.

इथे मला आपल्या भागाविषयी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना तोल सुटू नये याची काळजीही घ्यायची आहे. कारखान्याच्या संचालकांना काळे सदरे घातलेल्या टोळ्यांच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आणि मूर्खपणाचे होईल. इथे निवडणुका होतात, सत्तांतरे होतात, न्यायालये उघडी आहेत. तरीसुद्धा पलूस, तासगाव, वाळवा किंवा कऱ्हाडच्या कोणत्याही ऊसउत्पादकाला विचारा की सभेत उठून विरोधी प्रश्न विचारायला माणूस का कचरतो. तो तोडणीच्या पाळीचे नाव काढील. कोणत्या फडाला टोळी कधी जायची हे ज्याच्या हातात असते, त्याला धमकी द्यावी लागत नाही. तुरा आलेला ऊस वाळत उभा राहिला, वजन घटले, की त्या एका शेतावरून सगळी शिवार समजून जाते. बिल कधी जमा होणार, सोसायटीचे कर्ज कधी नवेजुने होणार, पोराला नोकरीत कायम करणार की हंगामीच ठेवणार, हे सगळे प्रश्न त्याच हातांशी येऊन थांबतात. पोलेझिनेतला मजूर रोजगारासाठी ज्यांच्यावर अवलंबून होता त्यांनीच त्याची संघटना मोडली. आपल्याकडे संघटनाच, म्हणजे सहकारी संस्थाच, त्या अवलंबित्वाचे साधन होऊन बसली आहे. म्हणूनच आपल्याकडचा विरोधक सभेबाहेर धीट असतो आणि सभेत गप्प असतो, आणि सभात्याग हा या दोन्हींतला त्याला परवडणारा मध्यममार्ग ठरतो.

मातेओत्तींच्या खुनानंतर रोममध्ये नेमके हेच झाले. जूनअखेरीस शंभराहून अधिक विरोधी सदस्यांनी सभागृहावर बहिष्कार घातला. प्राचीन रोमच्या सामान्य नागरिकांनी जुलमाला कंटाळून आव्हेंतिनो टेकडीवर जाऊन बसल्याची कथा होती, तिचे नाव त्यांनी या बहिष्काराला दिले. त्या वेळी मुसोलिनी खरोखर डळमळला होता. देश हादरला होता, त्याची निकटची माणसे संशयाच्या फेऱ्यात होती, अनेकांनी फॅसिस्ट बिल्ले कोटावरून काढून खिशात टाकले होते. १६ ऑगस्टला रोमच्या उत्तरेस रियानोजवळच्या रानात मृतदेह सापडला तेव्हा संतापाची लाट पुन्हा उसळली. विरोधक मात्र राजाची वाट पाहत होते. व्हिक्टर इमॅन्युएल नैतिक दडपणाखाली मुसोलिनीला बडतर्फ करील, अशी त्यांची श्रद्धा होती. सार्वत्रिक संपाची सूचना त्यांनी मानली नाही, सभागृहात परतण्याचीही नाही. राजा हलला नाही. ३ जानेवारी १९२५ रोजी जवळजवळ रिकाम्या झालेल्या विरोधी बाकांसमोर मुसोलिनीने जे घडले त्याची सगळी जबाबदारी आपण एकटा घेतो असे सांगितले, आणि कोणी काही करू शकले नाही. पुढे बहिष्कार टाकणाऱ्यांपैकी काहींनी परत येऊ पाहिले तेव्हा त्यांना हाकलून देण्यात आले, आणि नोव्हेंबर १९२६ मध्ये त्या सर्वांचे सदस्यत्वच रद्द झाले. ते बाहेर असल्यामुळे सभागृहाला त्यांच्यावाचून चालण्याची सवय लागली होती.

अपवाद कम्युनिस्टांचा. नोव्हेंबर १९२४ मध्ये लुइजी रेपोस्सी हा त्यांचा एक सदस्य खुन्यांच्या सभागृहात एकटा गेला, निषेधाचे निवेदन वाचले, मार खाण्याची तयारी ठेवूनच आला होता, आणि पाठोपाठ त्याचा गटही परतला. हेच कम्युनिस्ट मातेओत्तींना जिवंतपणी नेमस्त म्हणून हिणवत होते. त्यांचा नेता ग्राम्शी याने तर मृत्यूनंतरही त्यांना ‘शून्याचा यात्रेकरू’ म्हटले होते. मला ग्राम्शीचे ते विधान कोतेपणाचे वाटते. पण आत जाण्याच्या प्रश्नावर त्याचा पक्ष बरोबर होता, आणि मातेओत्तींचे जिवलग सहकारी चुकले होते.

यावर आपल्या भागातला वाचक एक आक्षेप घेईल आणि तो वजनदार आहे. आमची परंपराच बाहेर पडण्याची आहे, असे तो म्हणेल. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूजला आणि इस्लामपूरला माणसे गोळीबारात पडली, आणि त्यातून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ब्रिटिशांच्या कचेरीत बसून हरकत नोंदवत राहिलो असतो तर ते झाले असते का? नसते झाले. परंतु प्रतिसरकारला सभात्याग म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. एक तर ज्या सभेतून बाहेर पडावे अशी सभाच तेव्हा रयतेला उपलब्ध नव्हती. दुसरे असे की बाहेर पडलेल्यांनी बाहेर काम केले. गावोगाव न्यायदान मंडळे बसवली, दरोडेखोरांचा आणि सावकारांचा बंदोबस्त केला, कमी खर्चाचे गांधी विवाह लावले, कुंडलला तुफान सेना उभारली. गावाचा कारभार त्यांनी सोबत नेला. रोमच्या कथेतले सामान्य नागरिकही टेकडीवर जाताना आपले श्रम आणि आपली शस्त्रे घेऊन गेले होते, म्हणून शहर अडले. १९२४ च्या सदस्यांनी सोबत नेल्या त्या फक्त आपल्या खुर्च्या. आणि हेही लक्षात घ्यावे की स्वतंत्र भारतात सभागृह उपलब्ध झाल्यावर नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून निवडणूक लढवून लोकसभेत जाऊन बसले. बाहेरचा मार्ग केव्हा आणि आतला केव्हा, याची समज त्यांना पुरेपूर होती.

नुसते आत असणे पुरेसे नाही, याचाही दाखला आपल्याच मातीत आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा सातारचे खासदार यशवंतराव चव्हाण केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. २६ जून १९७५ च्या सकाळी मंत्रिमंडळाला झालेला निर्णय केवळ कळवण्यात आला. त्यानंतरच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला, आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९वी घटनादुरुस्ती ऑगस्टमध्ये संमत झाली. संसदीय रीतिभातींची यशवंतरावांइतकी जाण महाराष्ट्रातल्या फार थोड्या नेत्यांना होती. त्यांचे त्या एकवीस महिन्यांतले मौन म्हणूनच अधिक बोचते. त्यांच्या मोठेपणाविषयी मला शंका नाही. पण पदावर राहून, संस्था टिकवून, योग्य वेळेची वाट पाहणे हा जो युक्तिवाद त्यांच्या बाजूने केला जातो, तो आचेर्बो कायद्याला मत देणाऱ्या इटालियन उदारमतवाद्यांच्या युक्तिवादाहून फारसा वेगळा नाही.

मातेओत्तींना आत राहून बोलण्याने काय मिळाले, असे कोणी विचारील. जीव गेला, हे खरेच आहे, आणि कोणत्याही नागरिकाकडून तेवढे मागण्याचा अधिकार मला नाही. पण त्या भाषणाचे एक वैशिष्ट्य आहे. संसदेच्या लघुलिपिकांनी ते मध्येमध्ये आलेल्या आरोळ्यांसकट टिपले, आणि म्हणून कोण काय ओरडले, अध्यक्षांनी केव्हा दटावले, हे आज शंभर वर्षांनंतरही वाचता येते. खुनाचा तपास करणारे न्यायाधीश माउरो देल जुदिचे यांना पुढे त्या प्रकरणावरून दूर करण्यात आले. मार्च १९२६ मध्ये किएतीला चाललेल्या खटल्यात टोळीप्रमुख आमेरिगो दूमिनीचे वकीलपत्र फॅसिस्ट पक्षाचा सचिव फारिनाच्ची याने घेतले आणि आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटले. तरी कागद उरले होते. १९४७ मध्ये पुन्हा खटला चालला तेव्हा दूमिनीसह तिघांना जन्मठेप झाली. मुसोलिनीचे सरकार पडून त्या वेळी चार वर्षे होत आली होती.

आपल्याकडे नोंदीचे हे महत्त्व सत्ताधाऱ्यांना चांगले कळते, विरोधकांना कळत नाही. सभेत गोंधळ झाला की इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिणे सोपे जाते, कारण विरोध करणारा मतदानाच्या वेळी आत नसतोच. कधी कधी तर मला वाटते की काही सभांतला गोंधळ दोन्ही बाजूंच्या सोयीचा असतो. एकाला ताळेबंदावरची चर्चा टळते, दुसऱ्याला ताळेबंद वाचावा लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला संस्थेच्या कचेरीत जाऊन लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहता येतात. हा अधिकार वापरणारे सभासद आपल्या तालुक्यात किती आहेत, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे. ग्रामसभेचेही तेच आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेत पुढे काय मंजूर झाले, हे विचारायला कोणी फिरकत नाही.

एकटा माणूस हे करू शकत नाही, हेही मान्य करायला हवे. ज्याचा ऊस उभा आहे त्याने एकट्याने उठावे ही अपेक्षा बाहेर बसून करणे सोपे आहे. म्हणून ज्यांचे पोट त्या संस्थेवर अवलंबून नाही अशांनी, म्हणजे निवृत्त शिक्षकांनी, वकिलांनी, लेखापरीक्षकांनी, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्या पण नावावर शेअर असलेल्या सभासदांनी, हा भार आधी उचलावा. मातेओत्ती स्वतः जमीनदाराचे पुत्र होते आणि ज्या मजुराला बोलणे परवडत नव्हते त्याच्या वतीने बोलणे त्यांना परवडत होते. सप्टेंबरअखेरपर्यंत सगळ्या संस्थांच्या वार्षिक सभा होतात. अहवाल आधी हाती येतो. तो वाचून प्रश्न लेखी द्यावेत, त्यांची पोच घ्यावी, सभेला पाच-दहा जणांनी मिळून बसावे, ध्वनिक्षेपक बंद केला तरी जागा सोडू नये, मतदान मागावे आणि ते हरावे. विरोधी मत नावानिशी नोंदवण्याचा आग्रह धरावा. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा पुढच्या वर्षीच्या विषयपत्रिकेवरचा पहिला विषय असतो, आणि गेल्या वर्षीचा आपला विरोध त्यात उतरला आहे की नाही हे विचारण्यासाठी तीच माणसे त्या वेळी मंडपाच्या आत हजर असायला हवीत.